सायकल आठवीत मिळते, पण चालवायला शिकायचं कधी? प्राथमिक शाळा, खेळाचा तास आणि दोन चाकं

शाळेच्या वेळापत्रकात एक तास असा असतो, जो कागदावर कधी चुकत नाही आणि मैदानावर क्वचितच होतो. कुठे त्याला 'खेळ' म्हणतात, कुठे 'पीटी'. गणिताचा धडा मागे पडला, परीक्षा जवळ आली किंवा बाई रजेवर गेल्या, की पहिला बळी याच तासाचा जातो. वर्गाने गोंधळ घातला तर शिक्षाही हीच, 'आज खेळायला सोडणार नाही'. मराठीचा तास बंद करण्याची शिक्षा कुणी देत नाही.

शाळेबाहेरची गोष्टही फार वेगळी नाही. सकाळी रिक्षा किंवा व्हॅन, संध्याकाळी शिकवणी, रात्री मोबाइल. सोसायटीच्या आवारात 'येथे खेळण्यास मनाई आहे' अशी पाटी असते आणि त्या पाटीखाली गाड्या लावलेल्या असतात. मग सहा ते दहा वर्षांच्या मुलाने दिवसभरात धावायचं, पडायचं, सायकल शिकायची कधी?

रोज किती हालचाल लागते?

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार ५ ते १७ वर्षांच्या मुलांना आठवड्याच्या सरासरीने रोज किमान ६० मिनिटं मध्यम ते जोरदार हालचाल हवी. मध्यम म्हणजे श्वास वाढतो पण बोलता येतं, जोरदार म्हणजे बोलताना धाप लागते. शिवाय आठवड्यातून किमान तीन दिवस हाडं आणि स्नायू बळकट करणारा व्यायाम हवा. ही ६० मिनिटं सलग नसली तरी चालतात. शाळेत चालत जाणं, मधल्या सुट्टीतली पकडापकडी, संध्याकाळचा खेळ, सगळं धरलं जातं.

याच संघटनेच्या तज्ज्ञांचा जगभरातल्या ११ ते १७ वयोगटाचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातली ८१ टक्के मुलं एवढी हालचाल करत नव्हती. मुलग्यांमध्ये हे प्रमाण ७८ टक्के, तर मुलींमध्ये ८५ टक्के होतं. हा आकडा पाचवीनंतरच्या मुलांचा आहे, पण सवय त्याआधीच लागलेली किंवा सुटलेली असते. भारतात पाच वर्षांखालच्या मुलांमध्ये वजन जास्त असलेल्यांचं प्रमाण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीत २.१ टक्के होतं, पाचव्या फेरीत ते ३.४ टक्क्यांवर गेलं. म्हणजे कुपोषण संपलेलं नसतानाच त्याच्या शेजारी दुसरा प्रश्न येऊन बसला आहे.

कायद्यात मैदान आहे, शिकवणारं कोण?

शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या परिशिष्टात प्रत्येक शाळेला मैदान हवं असं स्पष्ट लिहिलं आहे. प्रत्येक वर्गाला गरजेनुसार खेळाचं साहित्य द्यावं, असंही आहे. खरी मेख पुढे आहे. सहावी ते आठवीसाठी, पट शंभरच्या वर असेल तर कला, कार्यशिक्षण आणि आरोग्य व शारीरिक शिक्षणाचे अर्धवेळ निदेशक नेमण्याची तरतूद त्यात आहे. पहिली ते पाचवीसाठी अशी तरतूदच नाही. ज्या वयात तोल, झेल, उडी, धाव ही पायाभूत कौशल्यं बसतात, त्याच वयासाठी खेळाचा वेगळा शिक्षक कायद्याने सांगितलेला नाही. वर्गशिक्षकच भाषा शिकवतात, गणित शिकवतात आणि वेळ उरला तर शिट्टी गळ्यात घालतात.

पैशांचं म्हणाल तर समग्र शिक्षा योजनेत खेळसाहित्यासाठी प्राथमिक शाळेला वर्षाला ५ हजार रुपयांची तरतूद आहे. लहान मुलांची एक बऱ्यापैकी नवी सायकल घेतली की हा निधी जवळपास संपतो. म्हणून या लेखातल्या बहुतेक गोष्टी कमी खर्चाच्या किंवा फुकट आहेत. मोठं बजेट गृहीत धरून दिलेले सल्ले जिल्हा परिषदेच्या दोनशिक्षकी शाळेला काही उपयोगाचे नसतात.

पण अभ्यास बुडतो त्याचं काय?

पालकसभेत हा प्रश्न हमखास येतो. डेन्मार्कमध्ये २०१२ साली जवळपास २० हजार शाळकरी मुलांवर एक मोठा प्रयोग झाला. मुळात संशोधकांना न्याहारी आणि एकाग्रता यांचा संबंध तपासायचा होता. पण चालत किंवा सायकलने शाळेत येणारी मुलं गाडीतून सोडलेल्या मुलांपेक्षा एकाग्रतेच्या चाचणीत सरस ठरली, आणि हा फरक न्याहारीच्या फरकाहून मोठा होता. त्याचा परिणाम शाळेत पोचल्यावर चारेक तास दिसत होता.

दुसरा अभ्यास चीनमधल्या ग्वांगझोउ शहरातला, तोही थेट पहिलीच्या मुलांवरचा. १२ प्राथमिक शाळांपैकी निम्म्या शाळांत रोज ४० मिनिटांचा एक जादा तास उघड्यावर घेतला गेला. तीन वर्षांनंतर त्या शाळांतल्या ३०.४ टक्के मुलांना लघुदृष्टिदोष, म्हणजे लांबचं अंधूक दिसण्याचा दोष झाला होता. बाकीच्या शाळांत हेच प्रमाण ३९.५ टक्के होतं. निकाल २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. इथे फायदा व्यायामाचा नसून उजेडाचा असावा, असं संशोधकांचं मत आहे. चष्म्याचा नंबर वाढतोय म्हणून काळजीत असलेल्या आईवडिलांना खेळाच्या तासाचं महत्त्व पटवायचं असेल, तर एकाग्रतेपेक्षा हा मुद्दा लवकर पटतो.

रोजची १५ मिनिटं

स्कॉटलंडमधल्या स्टर्लिंग शहरात सेंट निनियन्स नावाची प्राथमिक शाळा आहे. आपली मुलं खेळाच्या तासाला नुसत्या सुरुवातीच्या धावण्यानेच दमतात, हे तिथल्या तेव्हाच्या मुख्याध्यापिका इलेन वायली यांच्या लक्षात आलं. २०१२ च्या फेब्रुवारीत त्यांनी एक साधी गोष्ट सुरू केली. रोज कधीही, शिक्षकांना सोयीचं वाटेल तेव्हा, अख्खा वर्ग १५ मिनिटं मैदानाला फेऱ्या मारणार. पळा, रमतगमत पळा, दमलात तर चाला. शर्यत नाही, वेगळे कपडे नाहीत, साहित्य नाही. 'डेली माइल' हे त्याचं नाव पुढे जगभर पसरलं.

नवलाच्या गोष्टी लवकर फुगतात, म्हणून आकडे पाहिलेले बरे. स्टर्लिंग विद्यापीठाच्या संशोधकांनी दोन शाळांतल्या ३९१ मुलांची तुलना केली आणि २०१८ मध्ये निष्कर्ष मांडले. उपक्रम असलेल्या शाळेत दुसऱ्या शाळेच्या तुलनेत मुलांची मध्यम ते जोरदार हालचाल दिवसाला सुमारे ९ मिनिटांनी वाढली, बसून राहण्याचा वेळ सुमारे १८ मिनिटांनी घटला आणि धावण्याच्या चाचणीत मुलं सरासरी ३९ मीटर जास्त पळाली. दोनच शाळांचा हा अभ्यास आहे, आणि ६० मिनिटांपैकी ९ मिनिटं म्हणजे सगळा प्रश्न सुटला असंही नाही. पण खर्च शून्य आणि शिक्षक एकच, हे लक्षात घेता सौदा वाईट नाही.

महाराष्ट्रात हे जसंच्या तसं चालणार नाही. विदर्भ-मराठवाड्यात मार्चनंतर दुपारी मैदानावर नेणं धोक्याचं आहे. तिथे परिपाठाच्या आधीची किंवा नंतरची वेळच धरावी लागते. कोकणात जून ते सप्टेंबर मैदान म्हणजे तळं. तेव्हा व्हरांडा, सभागृह किंवा वर्गातली बाकं बाजूला सारून दोरीउड्या. दम्याचा त्रास असलेल्या मुलांना सरसकट बाजूला बसवणं मात्र चूक आहे. डॉक्टरांचा सल्ला आणि गरजेचा पंप हाताशी असला की बहुतेक मुलं खेळू शकतात.

जो आधी बाद, तोच जास्त वेळ बसलेला

खेळ घेतले म्हणजे मुलं हलली असं नसतं. साधा हिशोब बघा. ३० मिनिटांचा तास, ४० मुलं, एक चेंडू आणि एक रांग. एकेक करून चेंडू टाकला तर प्रत्येकाच्या वाट्याला पाऊण मिनिट येतं. उरलेला वेळ रांगेत धक्काबुक्की.

बाद होण्याच्या खेळांत आणखी एक अडचण आहे. लंगडी, पकडापकडी, संगीत खुर्ची या खेळांत ज्याला खेळायची सर्वांत जास्त गरज आहे, तोच मुलगा पहिल्या मिनिटाला बाद होतो आणि उरलेला वेळ कडेला माती उकरत बसतो. खेळ बदलायची गरज नाही, एक नियम बदलला तरी पुरतं. बाद झालेल्याने कडेच्या रेघेवर दहा दोरीउड्या मारायच्या आणि परत आत यायचं. गुण मोजायचे तर मोजा, बसायचं मात्र कुणीच नाही.

आणि खेळ आपल्याकडे कमी नाहीत. लंगडीत एका पायावर उड्या मारताना हाडांवर जो भार येतो, तो हाडं बळकट करणाराच असतो. त्यासाठी फक्त फक्कीने आखलेला चौकोन लागतो. लगोरीत नेम आणि पळ, आट्यापाट्यांत हुलकावणी, डबा ऐसपैसमध्ये लपणं आणि झटक्यात धावणं. खो-खोचे नियम १९१४ च्या सुमारास पुण्यात डेक्कन जिमखान्यावर बांधले गेले आणि जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झालेल्या पहिल्या खो-खो विश्वचषकात भारताच्या पुरुष आणि महिला, दोन्ही संघांनी विजेतेपद मिळवलं. गावातल्या मुलांना हे सांगितलं की त्यांचा खो जरा जोरात बसतो.

सायकल: 'वाढत्या अंगाची' घेऊ नका

सायकल सगळ्यांना आवडते, पण शिकवताना घोळ होतात. पहिला घोळ दुकानात होतो. शाळेचा गणवेश जसा दोन वर्षं पुरेल असा सैल घेतात, तशीच सायकलही मोठी घेतली जाते. पाय टेकत नाहीत, मूल घाबरतं आणि सायकल गॅलरीत उभी राहते. ढोबळमानाने ५-६ वर्षांसाठी १६ इंची चाक, ७ ते ९ साठी २० इंची आणि त्यापुढे २४ इंची. पण वयापेक्षा उंची महत्त्वाची. दांडा दोन्ही पायांच्या मध्ये घेऊन उभं राहिल्यावर दोन्ही तळवे जमिनीला पूर्ण टेकले पाहिजेत. ब्रेकची मूठ त्या छोट्या बोटांत दाबली जाते का, तेही दुकानातच बघा.

दुसरा घोळ म्हणजे बाजूची छोटी सपोर्टची चाकं. त्यांच्यामुळे मूल पॅडल मारायला शिकतं, तोल सांभाळायला नाही. सायकल ज्या बाजूला कलते त्या बाजूला हँडल किंचित वळवलं की ती सावरते, हेच तर शिकायचं असतं. सपोर्टची चाकं सायकलला कलूच देत नाहीत.

त्यापेक्षा सोपी रीत अशी. सीट खाली करायची आणि दोन्ही पॅडल काढून ठेवायची. इथे एक गंमत आहे. डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात, त्यामुळे ते घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवल्यावर सुटतं. जोर लावून आटे घालवण्यापेक्षा सायकलच्या दुकानात काढून आणलेलं बरं. मग मुलाने सीटवर बसून पायांनी जमीन मागे ढकलत पुढे जायचं, आधी चालत, मग ढांगा टाकत, मग दोन्ही पाय उचलून घरंगळत. सपाट मुरमाचं किंवा अगदी हलक्या उताराचं मैदान उत्तम. मोठ्यांनी हँडल धरू नये, कारण मग तोल मोठ्यांचा होतो. आधार द्यायचाच तर पाठीला किंवा खांद्याला हलका हात पुरे. मैदानाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाय न टेकता घरंगळता आलं, की पॅडल परत लावायची. आणि पॅडल मारण्याच्या आधी थांबायला शिकवायचं, दोन्ही ब्रेक एकदम, हळूहळू दाबत. बरीच मुलं पायाने थांबतात आणि बुटांचे तळ झिजवतात.

ज्यांनी मोठ्यांच्या सायकलच्या दांड्याखालून पाय घालून, तासावर भाड्याच्या सायकलीवर गुडघे फोडून घेतले, त्या पिढीला हे जरा लाडाचं वाटेल. पण त्या पिढीच्या वेळी रस्त्यावर एवढ्या मोटारी नव्हत्या.

शाळेला हे करायचं असेल तर नव्या सायकली लागत नाहीत. मुलं दोन वर्षांत सायकलला मोठी होतात आणि त्या सायकली सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये धूळ खात पडतात. अशा पाच सायकली मागून आणून, दुरुस्त करून शाळेत ठेवल्या तर एका वर्गाला वाटून वापरता येतात. रोजची तपासणी तीन शब्दांची: हवा, ब्रेक, चेन. हेल्मेट असेल तर भुवयांच्या वर दोन बोटं, पट्टे कानाखाली इंग्रजी 'व्ही' अक्षरासारखे आणि हनुवटीखाली एक बोट जाईल एवढीच सैल पट्टी. मागे सरकवून टोपीसारखं घातलेलं हेल्मेट कपाळ वाचवत नाही.

आणि हो, सायकल म्हणजे सगळं नाही. तिने दम वाढतो, पायाचे स्नायू बळकट होतात, पण शरीराचा भार सीटवर असल्यामुळे हाडांना उडीसारखा धक्का मिळत नाही. सायकल चालवणाऱ्या मुलालाही लंगडी हवीच.

रस्त्यावर कधी सोडायचं?

सायकल येणं आणि रस्त्यावर सायकल येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात मुलांना आभासी रस्त्यावर उभं करून, येणाऱ्या गाड्यांच्या मधून पायी रस्ता ओलांडायला सांगितलं गेलं. सहा वर्षांच्या मुलांच्या बाबतीत ८ टक्के वेळा आभासी गाडीची धडक बसली, बारा वर्षांच्या मुलांच्या बाबतीत २ टक्के. चौदाव्या वर्षी मुलं मोठ्यांइतकी सुरक्षित ठरली. म्हणजे पहिली-दुसरीतलं मूल 'नीट बघ हं' असं सांगून नीट बघू शकत नाही. वेग आणि अंतर यांचा मेळ त्याच्या डोक्यात अजून बसलेला नसतो.

भारतातलं वास्तव कठोर आहे. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ लोकांचा मृत्यू झाला. त्यातले ३२,८२५ पादचारी होते आणि साडेचार हजारांहून अधिक सायकलस्वार. 'मुलाला सायकलने शाळेत पाठवत नाही' म्हणणारी आई आळशी नसते, ती हिशोबी असते.

नेदरलँड्स हा आज सायकलींचा देश म्हणून ओळखला जातो, पण तिथेही हे आपोआप झालेलं नाही. १९७१ मध्ये तिथे रस्त्यांवर ३ हजारांहून अधिक माणसं गेली, त्यात ४०० हून जास्त मुलं होती. आपली मुलगी अपघातात गमावलेल्या एका पत्रकाराने लिहिलेल्या लेखाचं शीर्षकच 'बालहत्या थांबवा' असं होतं. त्याच नावाने चळवळ उभी राहिली, पालक मुलांसह रस्त्यावर बसले. पुढे वेग कमी झाले, सायकलींचे मार्ग वेगळे झाले. आजही तिथली साधारण १० ते १२ वर्षांची मुलं शाळेतून वाहतुकीची परीक्षा देतात. लेखी वेगळी, प्रत्यक्ष वेगळी. अंगात क्रमांकाचं जाकीट घालून खऱ्या रस्त्यावर सायकल चालवायची आणि वळणावळणांवर उभे असलेले स्वयंसेवक बघतात, मागे वळून पाहिलं का, हात दाखवला का. इंग्लंडमध्ये २००७ पासून 'बाइकेबिलिटी' नावाचं प्रशिक्षण आहे. पहिली पातळी मैदानात, दुसरी शांत रस्त्यावर, तिसरी गर्दीच्या रस्त्यावर.

यातली पहिली पातळी कुठलीही शाळा उद्या सुरू करू शकते. फक्कीने मैदानावर रस्ता आखा, चौक काढा, झेब्रा पट्टे मारा. डाव्या बाजूने चालवणं, हँडल न हलवता मागे बघणं, एक हात सोडून वळण्याची खूण करणं, सिग्नल होऊन उभ्या राहिलेल्या मित्रासमोर थांबणं. तिसरी-चौथीच्या मुलांना हा खेळच वाटतो.

मुलींचं गणित वेगळं

बिहारने २००६ मध्ये नववीतल्या मुलींना सायकलसाठी पैसे द्यायला सुरुवात केली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थतज्ज्ञांनी त्याचा अभ्यास केला. माध्यमिक शाळेतला योग्य वयाच्या मुलींचा प्रवेश त्यामुळे ३२ टक्क्यांनी वाढला आणि मुलगा-मुलगी यांच्यातली प्रवेशाची दरी ४० टक्क्यांनी कमी झाली. महाराष्ट्रातही मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकल मिळते.

सायकल मिळते ती आठवीत. पण तेरा-चौदाव्या वर्षी, गावाच्या रस्त्यावर, सगळ्यांच्या देखत पडत-धडपडत शिकायला किती मुली तयार होतात? घरात एकच सायकल असली तर ती भावाकडे असते. ज्या मुलीचा तोल चौथीपर्यंत बसलेला असतो, तिला आठवीतली सायकल पहिल्या दिवसापासून शाळेत नेते. म्हणून प्राथमिक शाळेतल्या त्या पाच जुन्या सायकलींवर आधी मुलींचा नंबर लावणं हा लाड नाही.

बाकी अडथळे छोटे वाटतात, पण नडतात तेच. स्कर्ट किंवा पिनाफोर घालून ना लंगडी नीट खेळता येते ना सायकल. काही शाळांनी मुलींना गणवेशात सलवार किंवा पँट दिली आहे. किमान खेळाच्या दिवशी तरी ती मुभा हवी. ओढणी खोचलेली, पँटचा घोळ दुमडलेला आणि चेनला कव्हर. मैदानाचा मधला भाग क्रिकेटवाल्या मुलांनी व्यापलेला असतो आणि मुली कडेला गप्पा मारतात, हे चित्र मोडायला आठवड्याचे दोन दिवस मैदान मुलींना देण्यापलीकडे फार काही लागत नाही. चौथी-पाचवीतल्या काही मुलींना पाळी सुरू झालेली असते, त्यामुळे स्वच्छतागृहात पाणी आहे का, हाही खेळाच्या तासाचाच प्रश्न आहे.

शाळेपर्यंत सगळे मिळून

महाराष्ट्रात शिक्षण हक्काच्या नियमांनुसार पहिली ते पाचवीची शाळा वस्तीपासून १ किलोमीटरच्या आत असायला हवी. चालत साधारण पंधरा मिनिटं. अडचण अंतराची कमी आणि एकटं सोडण्याची जास्त आहे. स्पेनमधल्या बार्सिलोनात २०२१ मध्ये पालकांनी 'बिसीबस' सुरू केली. ठरलेल्या मार्गावरून, ठरलेल्या वेळी मुलांचा सायकलींचा घोळका निघतो, पुढे-मागे पालक असतात आणि वाटेतल्या थांब्यांवर मुलं सामील होत जातात. त्याचे व्हिडिओ समाजमाध्यमांवर जगभर फिरले आणि अमेरिकेतल्या पोर्टलंडसारख्या शहरांतही तसेच घोळके दिसू लागले.

एकेकाळी सायकलींचं शहर म्हणवणाऱ्या पुण्याने २०१७ मध्ये सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला. कागदावर तो चांगला आहे. पण पहिली-दुसरीतल्या मुलाला आराखड्यावरून शाळेत जाता येत नाही. तोवर आपल्याकडे चालत जाणारा घोळका जास्त जमण्यासारखा आहे. एका गल्लीतली आठ-दहा मुलं आणि दोन पालक. सोमवारी-बुधवारी एका घरचे, मंगळवारी-गुरुवारी दुसऱ्या घरचे, शुक्रवारी कुणाचे तरी आजोबा. प्रत्येक थांब्यावर दोन मिनिटांपेक्षा जास्त थांबायचं नाही, हा एक नियम मात्र पहिल्याच दिवशी ठरवून टाकावा. नाहीतर ज्याचा डबा रोज राहतो त्याच्यासाठी सगळ्यांची प्रार्थना चुकते.

सुरुवात करायला दिवाळीची सुट्टी संपल्यानंतरचा काळ बरा. मैदान सुकलेलं असतं, ऊन बोचत नाही आणि शाळांच्या क्रीडा स्पर्धांचा हंगाम असल्यामुळे फक्कीचं पोतं शाळेत आलेलंच असतं.